चिंधी बांधलेली मशीन

त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर छापून येतं, तेवढंच. गल्लीला ते शप्पथभाई. जुन्या शिलाई मशीन घ्यायच्या, खोलायच्या, दुरुस्त करायच्या, रंगवून पुन्हा विकायच्या, हा त्यांचा धंदा. मशीनला एक वेळ तेल कमी पडेल, पण गिऱ्हाइकाशी बोलताना भाईंना शप्पथ कमी पडली असं कधी झालं नाही. उजव्या हाताच्या चिमटीत गळ्याची कातडी धरायची, डोळे किंचित मिटायचे आणि आवाज खाली आणायचा. "अल्लाशप्पथ, आतून हात लावलेला नाही." एवढं झालं की समोरच्या बाईला वाटायचं, आता आणखी काही विचारणं म्हणजे आपणच पापी.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मध्ये पडदा, पडद्यामागे चूल, आणि चुलीपाशी भाईंची बायको. नात आली तेव्हापासून घरादाराने तिला नानीच म्हणायला सुरुवात केली होती. पुढे विकली गेलेली प्रत्येक मशीन आणि घेतलेली प्रत्येक शप्पथ नानीला पीठ मळता मळता ऐकू यायची. पहिल्या काही वर्षांत ती टोकायची. मग जित्याची खोड म्हणून गप्प झाली. कधी फारच झालं तर पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवायची. भाईंना वाटायचं, भांडं निसटलं.

माणूस वाईट नव्हता. पाच वेळची नमाज, महिन्याचे रोजे, दारूच्या थेंबाला स्पर्श नाही, कुणाच्या लेकीबाळीकडे वर मान करून पाहिलं नाही. मोठी पापं म्हटली की भाईंच्या डोळ्यांसमोर खून, चोरी, जुगार अशी ढोल वाजवत येणारी पापं यायची. यातलं एकही आपल्या दाराशी नाही म्हणून ते निवांत होते. जिभेवरून बिनचपलेचं ये-जा करणारं पाप त्यांना पाप वाटतच नव्हतं. ती धंद्याची भाषा. बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, असं त्यांचे थोरले भाईजान सांगायचे. भाईजानचं दुकान भिंतीला भिंत लावून. कात्र्या आणि सुऱ्यांना धार लावायचं. धाकट्याला अकलेची धारही आपणच लावली, असा त्यांचा दावा होता.

हे सगळं बदललं एका काडेपेटीमुळे.

भाईंची मुलगी कामावर गेली की नात दिवसभर दुकानात खेळायची. एका दुपारी तिने काडेपेटीवर रिकामं रीळ ठेवून शिलाई मशीन केली होती आणि ती बाहुलीला विकत होती. बाहुली काही केल्या घेत नव्हती. तेव्हा नातीने इवल्या चिमटीत गळा धरला, डोळे मिटले आणि आवाज खाली आणून म्हणाली, "घ्या हो बाई. अल्लाशप्पथ, आतून हात लावलेला नाही."

भाई खो खो हसले. नानीला हाक मारणार, एवढ्यात त्यांचं काडेपेटीकडे लक्ष गेलं. तिचा एक कोपरा सकाळीच फाटला होता. पोरीने नानीकडून कणकेची खळ मागून तो चिकटवला होता आणि ती बाजू नेमकी भिंतीकडे करून ठेवली होती.

"अगं, ही तर फाटलीय ना?" भाईंनी विचारलं.

"पण तिला कुठं दिसतंय, नाना?" नात म्हणाली, आणि बाहुलीला माल बांधून देऊ लागली.

भाईंचं हसू जिथल्या तिथे थांबलं. त्यांना आपांची मशीन आठवली.

आपा म्हणजे मागच्या गल्लीतल्या गणवेश शिवणाऱ्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शिकत होत्या, सगळं घर त्यांच्या एकट्याच्या पायाने चालायचं. तो पाय सकाळपासून पायडलवर. त्यांना भाईंनी एक मशीन विकली होती. दिसायला देखणी, पण विकण्याआधी ती हातगाडीवरून पडली होती आणि तिच्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मानेला आडवी भेग गेली होती. बीड सांधणं सोपं नसतं. भाईंनी भेगेत रंगारी भिंतीला भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, वर काळा रंग दिला आणि त्या जागेवर आपल्या हाताने सोनेरी फुलाची नक्षी काढली. मूळ मशीनवर ते फूल नव्हतंच. आपांनी फुलावरून बोट फिरवत विचारलं होतं, "चांगली आहे ना, भाई? माझं सगळं हिच्यावरच आहे." भाईंची चिमटी गळ्याशी गेली होती. "अल्लाशप्पथ, ओरखडासुद्धा नाही."

मशीन आजवर चालत होती. पण जाड कापड रोज मानेला हिसका देत होतं, आणि भेग रंगाखाली होती तिथेच होती. कधीतरी मान तुटणार, हे जगात एकट्या भाईंना ठाऊक होतं. म्हणजे त्यांना आणि ज्याच्या नावाने सांगितलं त्याला.

ते पडद्यामागे गेले. नानीला म्हणाले, आजपासून शप्पथ बंद. नानीने वरणातली पळी फिरवत नुसतं "बरं" म्हटलं. त्या "बरं"मध्ये तीस-बत्तीस वर्षांचा संसार होता. भाईंना ते लागलं.

"अगं, खरंच बंद. अल्लाशप्पथ, पुन्हा कधी शप्पथ घेणार नाही!"

नानीची पळी थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग तिला हसू आवरेना; पदराने डोळे पुसत ती खाली बसली. भाईंना मात्र ती का हसतेय ते कळायला एक पूर्ण श्वास लागला.

ती शप्पथ दुसऱ्या दिवशीच मोडली. एक बाई सुई का तुटते विचारायला आली, आणि भाईंच्या तोंडून जुन्या सवयीने मालाची हमी बाहेर पडली, चिमटीसकट. संध्याकाळच्या नमाजेनंतर ते मशिदीत मागे रेंगाळले. मौलवीसाहेब वयाने भाईंपेक्षा लहान, बोलायला मऊ, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुढे काय करीन त्याची शप्पथ घेऊन मोडली तर दंड असतो, ते म्हणाले. दहा गरजूंना पोटभर जेवू घाला. मग ही शप्पथ सुटली. "पुन्हा मात्र शप्पथ घेऊन शप्पथ सोडू नका," ते म्हणाले. "नुसता निश्चय करा. आणि निश्चय मोडला तर पुन्हा करा. दार बंद होत नाही."

जेवण अर्थातच नानीने रांधलं. मशिदीमागच्या कामगारांच्या वस्तीतून माणसं आली, पुढच्या खोलीत मशीन बाजूला सारून पंगत बसली. नानी वाढता वाढता भाईंच्या कानाशी म्हणाली, "तुमची जीभ घसरते आणि हात माझे भाजतात. जरा जपून हो." पण त्या दिवशी तिच्या वाढण्याला वेगळाच उत्साह होता, आणि पातेल्याचं झाकण तिने अगदी हलकेच ठेवलं.

सवय म्हणजे चिकट पदार्थ. एका बोटावरून काढावी तर दुसऱ्या बोटाला लागते. अल्लाचं नाव तोंडातून जायचं बंद झालं, तेव्हा भाई रोजीची शप्पथ घेऊ लागले. मग आईची. मग एकदा चक्क मशीनच्या चाकाची. मौलवीसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. शप्पथ घ्यायचीच झाली तर एका अल्लाची, तीही खरी आणि अगदी अडलं तरच. चाकाबिकाची घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, असं त्यांनी समजावलं.

भाई खजील झाले. म्हणाले, "मौलवीसाहेब, एक सोडायला जावं तर दहा अवगुण बाहेर येतात. माझा राग आहे, दारात स्कूटर लावणाऱ्यांना मी शिव्या घालतो, उधारीवाल्याला टाळतो. कुठून सुरुवात करू?"

मौलवीसाहेबांनी दोऱ्याने बांधलेली काडी कानामागे नीट केली. "तुम्ही शिवणातली माणसं. सदरा दुरुस्तीला आला तर आधी काय करता? फाटलेली शिवण सांधता की लोंबणारे धागे कापता?"

"शिवण."

"मग झालं. मोठ्या पापांपासून लांब राहा, लहानसहान अल्ला झाकून टाकतो. त्याचा तसा वायदाच आहे. धागे नंतर बसून एकेक कापा. आयुष्य त्यासाठीच आहे."

आता भाईंनी शेवटचा उपाय केला: गिऱ्हाइकापुढे गप्प बसायचं. पण लोकांना शपथेची सवय त्यांनीच लावलेली. बायका विचारायच्या, मशीन बरी आहे ना? भाई म्हणायचे, बघा. मग बाई म्हणायची, शप्पथ घ्या की. भाई मान हलवायचे. "नाही? म्हणजे गोम आहे," असं म्हणून बाई पायरी उतरायची. आयुष्यभर खोट्या शपथेवर माल खपला, आणि आता खऱ्या मालाला गिऱ्हाईक मिळेना. भाईजान धार लावता लावता ठिणग्यांतून ओरडायचे की मौनव्रतच धरायचं होतं तर दुकान कशाला, गुहा भाड्याने घे.

तोड सापडली ती नानीच्या टोपल्यात. शिवायला टाकलेल्या कपड्यांत जिथे जिथे उसवलंय तिथे नानी रंगीत चिंधीची गाठ मारून ठेवायची, म्हणजे शिवायला बसल्यावर शोधत राहायला नको. भाई कितीतरी वर्षं त्या टोपल्याला ठेचकाळत होते. एका सकाळी त्यांनी त्यातल्या मूठभर चिंध्या उचलल्या आणि दुकानातल्या एकेका मशीनला बांधत गेले. जिथे दुरुस्ती केली तिथे चिंधी, जिथे दुसऱ्या मशीनचा भाग बसवला तिथे चिंधी, जिथे रंगाखाली गंज होता तिथेही. दुपारपर्यंत दुकान पताका लावल्यासारखं दिसू लागलं. भाईजान दारात आले, बघत राहिले. म्हणाले, "उद्घाटन कुणाच्या हस्ते?"

भाईंनी फक्त एवढंच केलं की गिऱ्हाईक आलं की बोट चिंधीकडे. इथे हात लागलाय. इथे जुना भाग आहे, वर्षभर चालेल, पुढचं सांगता येत नाही. बहुतेक जणी पहिल्या चिंधीलाच परत फिरायच्या. एखादी थांबायची. जी थांबायची ती मात्र नीट बघून, सगळ्या चिंध्यांना बोट लावून मशीन न्यायची आणि परत भांडायला यायची नाही.

पण एका मशीनला चिंधी बांधायची राहिली होती, आणि ती दुकानात नव्हती.

त्या गोष्टीबद्दल भाईंनी मौलवीसाहेबांना विचारलं ते सर्वांत शेवटी, चपला पायात घालता घालता, जणू सहज आठवलं. झालेल्या गोष्टीची जाणूनबुजून खोटी शप्पथ घेतली तर दंड काय? किती माणसं जेवू घालायची?

मौलवीसाहेबांनी त्यांना हाताला धरून पुन्हा आत बसवलं. मग म्हणाले की तिला जेवणाचा दंडच नाही, आणि हलकी आहे म्हणून नाही असं समजू नका. ती इतकी जड की दहा माणसांच्या जेवणाने उचलली जात नाही. तिला तौबा लागते. आणि तिच्या पायी कुणाचा हक्क अडकला असेल तर तो सोडवावा लागतो. भाईंनी मान डोलावली आणि घरी आले. बघू म्हणाले. बघू म्हणत उन्हाळा सरला.

मग ती ऑर्डर आली. शहराच्या पलीकडच्या भागात मुलींसाठी शिलाईवर्ग निघत होता. वर्ग चालवणाऱ्या बाईंना एकदम बऱ्याच जुन्या, चांगल्या मशीन हव्या होत्या. त्यांनी आपांना विचारलं, आणि आपा म्हणाल्या की घ्यायच्या तर शप्पथभाईंकडून. माझीच येऊन बघा, घेतली तेव्हापासून एक दिवस बंद नाही. बाई अमुक दिवशी आपांकडे मशीन बघायला येणार, भाईंनीही यावं, असा निरोप आला.

दुकान रडतखडत चाललं होतं. भाईजानने स्पष्टच सांगितलं होतं की हे असंच राहिलं तर शटर ओढ आणि माझ्या चाकावर कात्र्या धरायला बस. पन्नाशी उलटल्यावर थोरल्या भावाच्या हाताखाली बसणं काय असतं ते धाकट्या भावालाच कळतं. ही ऑर्डर मिळाली तर दुकान तरणार होतं. आणि ऑर्डर मिळणार होती त्या भेग पडलेल्या मशीनच्या साक्षीवर.

भाईंनी जेवणं टाकलं. शेवटी भाईजानपाशीच बोलले, कारण बाकी कुणापाशी बोलायचं तर खरं काय ते करावं लागलं असतं.

भाईजानने चाक थांबवलं. ते म्हणाले ते अगदीच वेड्यासारखं नव्हतं. तौबा मनात कर, त्यांनी सांगितलं. आपलं पाप आपण चव्हाट्यावर मांडू नये, हे तुझे मौलवीच सांगतात ना? देवाने झाकलंय, तू का उघडतोस? मशीन चालतेय, बाई खूश आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

भाईंच्या जिवाला थंडावा वाटला. तो थंडावा घेऊनच ते मशिदीत गेले, पक्का करून घ्यायला. मौलवीसाहेबांनी भाईजानचं म्हणणं खोडलं नाही. माणसाने आपली पापं मिरवू नयेत, ते खरंच आहे, ते म्हणाले. "भाई, मशीन तुमच्या घरात असती तर मीच म्हटलं असतं, झाकून ठेवा. पण ती त्या बाईच्या घरात आहे."

भाई तडक घरी आले. पडद्यामागे जाऊन त्यांनी नानीला पहिल्यांदा सगळं सांगितलं: हातगाडी, भेग, लांबी, फूल. नानी लसूण सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत. फक्त शेवटी ती म्हणाली की ती शप्पथ मी इथूनच ऐकली होती, आणि भेग पडली त्या दिवशी मशीन उतरवून घ्यायला दारात मीही होते. बोलले नाही, ते माझंही आहे. मग तिने विचारलं, "नुसतं सांगून यायचं? ती बाई उद्या शिवणार कशावर?"

भाईंनी पडदा सारून पुढे नजर टाकली. दुकानात जेवढ्या मशीन होत्या तेवढ्यांना चिंध्या होत्या.

ठरलेल्या दिवशी सकाळी ते तोंड धुऊन आले तर खिडकीपाशी नानीची स्वतःची मशीन पुसून ठेवलेली. तिच्या आईची ती. सोनेरी अक्षरं केव्हाच झिजली होती, पण अंग अभंग. आत एकाही परक्या हाताचा स्क्रू नाही. बॉबीन रिकामी करून ठेवली होती, सुई काढली होती, आवरण घडी करून बाजूला.

भाई म्हणाले, "ही? ही तर तुझ्या—"

"माझी आहे म्हणूनच देते. दुसऱ्याची असती तर विचारावं लागलं असतं." नानीने चाकावरून एकदा हात फिरवला. "आणि चांगला हातगाडीवाला बघा. पडली तर हिलाही लांबी भराल."

आपांच्या खोलीत कापडाचे ढीग होते आणि मधल्या पायवाटेवर खुर्ची. वर्गाच्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या; नीटनेटक्या, हातात पर्स, घाईतल्या. भाई दारात दिसताच आपांचा चेहरा उजळला. त्यांनी मशीनवर थाप मारली, तीही नेमकी फुलावर, आणि बाईंना म्हणाल्या, "हे आले. आता तुम्ही ह्यांच्याच तोंडून ऐका. भाई, सांगा बाईंना शप्पथ घेऊन, कशी मशीन दिलीत मला."

भाईंचा हात वर निघाला. सवयीने निघाला, गळ्याच्या अर्ध्या वाटेवर आला आणि तिथून खिशात गेला. खिशातून पेचकस निघाला.

"आपा, जरा उठता?" ते म्हणाले.

ते मशीनसमोर वाकले आणि पेचकसाच्या टोकाने सोनेरी फूल खरवडू लागले. आपा "अहो, अहो" करेपर्यंत काळा रंग सुटला. खालून पांढरी भुकटी ओघळली आणि अर्ध्या शिवलेल्या सदऱ्यावर पडली. भुकटीखाली भेग होती, आडवी, केसापेक्षा बरीच जाड. भाईंनी खिशातून पिवळी चिंधी काढली आणि मानेभोवती गाठ मारली. मग सांगितलं. पडलेली मशीन होती. लांबी मी भरली. फूल मी काढलं. शप्पथ खोटी होती. आज चालते, उद्याचं सांगता येत नाही. बाहेर गाडीवर दुसरी आणलीय, माझ्या बायकोची. ती घ्या, ही मला द्या.

आतल्या खोलीतून आपांच्या नवऱ्याचा खोकला आला.

आपांनी भुकटी बोटाने उचलून पाहिली. आवाज चढवला नाही. "तुम्ही मला फसवलंत ते एक वेळ सोडा," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या शपथेवर किती जणींना सांगत आले. माझ्या तोंडून खोटं तुम्ही वदवलंत, भाई. आज या बाईंनाही मी तेच सांगणार होते."

हे भाईंच्या हिशेबातच नव्हतं. त्यांना वाटलं होतं एक शप्पथ, एक बाई, एक मशीन. ती शप्पथ इतक्या घरी पायी फिरून आली असेल हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. म्हणाले, ज्यांना सांगितलंत त्यांची घरं मला दाखवा. मी जाईन.

वर्गाच्या बाई उठल्या. आम्ही कळवू, असं म्हणाल्या, अगदी सभ्यपणे. कळवू म्हणजे काय ते सगळ्या जगाला कळतं.

आपांनी नानीची मशीन गाडीवरून उतरवून घेतली. घेण्याआधी भाईंना बाजूचं झाकण उघडायला लावलं, खालून आरसा धरून मान बघितली, जाड कापडाच्या चार पदरांवर चालवून पाहिली. भाईंनी माफी मागितली तेव्हा त्या दोरा ओवत होत्या. "माफीचं आज सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आज काम पडलंय. भुकटी झाडून जा."

भाईंनी सदऱ्यावरची भुकटी रुमालाने टिपली, भेगेची मशीन गाडीवर चढवली आणि घरी आणली.

ऑर्डर दुसरीकडे गेली. भाई मात्र गेले, आपांनी धाडलेल्या त्यांच्या मुलीबरोबर, घरोघरी. आपांच्या शब्दावर भाईंकडून मशीन घेतलेल्या बायका होत्या. प्रत्येकीची मशीन त्यांनी तिच्यासमोर उघडली, जिथे काही झाकलं होतं तिथे चिंधी बांधली, जे बदलता येत होतं ते बदलून दिलं. काहींनी चहा विचारला, काहींनी दारातच उभं केलं, एकीने सासूला बोलावून सासूकडून ऐकवलं. भाई ऐकत राहिले. मोडलं ते शिवायचं म्हणजे सुई टोचणारच, असं मनाशी म्हणत पुढच्या घराची पायरी चढत राहिले.

दुकान अर्ध्या दिवसाचं झालं. सकाळी भाईजानच्या चाकावर कात्र्या, दुपारनंतर चिंध्यांचं दुकान. भाईजानचे टोमणे ठिणग्यांइतकेच नियमित. पण धार बघायला त्यांनी कात्री भाईंच्याच हातात द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाने विचारलं, लागली का धार, की म्हणायचे, ह्याला विचारा. हा नाही म्हणाला तर पुन्हा लावतो.

बऱ्याच दिवसांनी एक नवी नवरी दुकानात आली. तिने भाईंकडे पाहिलंच नाही. सरळ एकेक मशीन धुंडाळू लागली, चिंध्या मोजल्यासारखी. भाई काही सांगायला गेले तर तिने हात वर केला. आपांनी बजावून पाठवलं होतं: चिंध्या बघ, माणसाला काही विचारू नकोस. नवरी मशीन घेऊन गेली. भाईंनी पडद्यामागे जाऊन नानीला सांगितलं. नानी म्हणाली की एवढ्याला माफी समजू नका, अजून बाकी आहे. पण अर्धी शिवण आली म्हणायची.

भेगेची मशीन विकली नाही. ती आता खिडकीपाशी आहे, नानीच्या जागेवर. भाईंनी मानेला लोखंडी पट्टी आवळून बसवलीय आणि नानी तिच्यावर फक्त हलकं कापड शिवते: उशांचे अभ्रे, नातीची झबली. दर वेळी पायडल दाबलं की मानेतून एक आवाज येतो, टक्. पुढच्या खोलीत भाई गिऱ्हाइकाशी बोलत असतील तर तो त्यांना पडद्यातून ऐकू येतो. आता ऐकायची पाळी त्यांची.

परवा नानी शिवता शिवता थांबली. म्हणाली, "काय हो, हा आवाज जाईल का?"

भाई तेलाचं भांडं घेऊन आले. वाकून मानेला कान लावला, पट्टीचा एक स्क्रू अर्धा वळसा आवळला. "कमी होईल," ते म्हणाले. "जाईल की नाही, ठाऊक नाही."

"लग्नाच्या वेळी इतकं सरळ बोलला असतात तर मी आलेच नसते," नानी म्हणाली आणि पायडल दाबलं. टक्.

बाहेर कुणीतरी नेमकी दुकानाच्या पायरीला टेकवून स्कूटर लावली. भाई तरातरा दाराशी गेले. तोंड उघडलं, आणि मिटलं. शिव्यांचा हा धागा त्यांनी या महिन्यात कापायला धरला होता. मग त्यांनी स्वतःच स्कूटर उचलून बाजूला सरकवली, हात झटकले, आणि अजान व्हायच्या आत हातपाय धुऊन वुजू करायला आत गेले.